डाल्मेशियनचा मुतखडा, पॉइंटरचं जनुक

पिल्लं विकण्याच्या जाहिराती वाचणं हा माझा फावल्या वेळचा उद्योग आहे. ‘१०० टक्के प्युअर’, ‘चॅम्पियन ब्लडलाइन’, ‘केसीआय (केनेल क्लब ऑफ इंडिया) पेपर्ससह’ आणि माझा सर्वांत लाडका दावा, ‘डबल बोन’. कुत्र्याला हाडांचा दुसरा संच नसतो हे सांगायला प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. पण ‘प्युअर’ म्हणजे निरोगी, या समजुतीचं काय करायचं? हल्ली तिच्या बरोब्बर उलटी समजूतही जोरात आहे: क्रॉस म्हणजे दणकट, त्याला काही होत नाही. या दोन्ही समजुती तपासून बघायला पांढऱ्या अंगावर ठिपके असलेल्या डाल्मेशियनसारखा कुत्रा नाही.

डाल्मेशियनच्या लघवीत युरिक अॅसिड फार असतं, हे स्टॅनली बेनेडिक्ट यांनी १९१६ मध्येच नोंदवून ठेवलं होतं. पेशींमधल्या डीएनएची मोडतोड झाली की त्यातल्या प्युरिनचं शेवटी युरिक अॅसिड बनतं. माणसात गोष्ट इथेच संपते, म्हणून आपल्याला गाऊट होतो. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या यकृतात मात्र युरिकेज नावाचं विकर असतं. ते युरिक अॅसिडचं अॅलेंटॉइन करतं. अॅलेंटॉइन पाण्यात सहज विरघळतं, त्याचा खडा होत नाही.

मग डाल्मेशियनकडे युरिकेज नाही का? आहे की, आणि ठणठणीत आहे! बिघाड आहे तो एसएलसी२ए९ या जनुकात. युरिक अॅसिड पेशीच्या आवरणातून पलीकडे नेणारं प्रथिन या जनुकावरून बनतं. डाल्मेशियनमध्ये त्या प्रथिनात १८८ व्या जागेवरचं सिस्टीन जाऊन फेनिलअॅलनिन आलं आहे. बदल एवढाच. पण त्यामुळे यकृतातला कारखाना चालू आणि माल आत घेणारं फाटक बंद, अशी गत होते. मूत्रपिंडातही हेच फाटक लागतं, त्यामुळे गाळून गेलेलं युरिक अॅसिड रक्तात परत घेतलं जात नाही. इतर कुत्र्यांच्या लघवीतून दिवसाला १० ते ६० मिलिग्रॅम युरिक अॅसिड जातं, डाल्मेशियनच्या ४०० ते ६००. हा बदल नेमका कोणता, हे डॅनिका बॅनाश यांच्या कॅलिफोर्नियातल्या गटाने २००८ मध्ये दाखवून दिलं.

सगळ्याच डाल्मेशियनना खडे होत नाहीत. ज्यांना होतात त्यात नरांचे हाल जास्त, कारण नराची मूत्रनलिका शिश्नातल्या हाडाच्या खोबणीतून जाते आणि हाड काही ताणत नाही. मिरीएवढा खडा तिथे अडकला की कुत्रा खांबापाशी पाय वर करून उभाच राहतो. थेंब थेंब येतं, मग तेही थांबतं. पोटाला हात लावू देत नाही. अशा वेळी तासातासाला महत्त्व असतं, थेट पशुवैद्य गाठायचा असतो. कुळथाचं कढण पाजून वाट बघा म्हणणारे तेवढ्यात भेटतातच. त्यांनी तो सल्ला स्वतःच्या मुतखड्यासाठी राखून ठेवावा.

ही खोट अप्रभावी आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून आली तरच दिसते. एरवी अशा खोटीवरचा उपाय शाळेतल्या मेंडेलच्या चौकटीवरूनही सुचतो: वाहक, म्हणजे एकच बिघडलेली प्रत असलेले निरोगी कुत्रे, ओळखायचे आणि दोन वाहकांचं मेटिंग करायचं नाही. पण नोंदणीकृत डाल्मेशियनमध्ये प्रत्येकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. निवड करायची तर चांगली प्रत कुणाकडे तरी असावी लागते. ज्याचे आई-बाप जातीच्या नोंदवहीत आहेत त्याचंच नाव वहीत चढणार, असा नियम असल्यावर ती बाहेरून तरी कुठून येणार? डीएनए चाचणी हाताशी असती तरी इथे फुकट होती.

रॉबर्ट शाइबल या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये डाल्मेशियनचा एका पॉइंटरशी, म्हणजे दुसऱ्या एका शिकारी जातीच्या कुत्र्याशी, संकर केला. एकदाच. पिल्लांच्या अंगावर डाल्मेशियनचे ठसठशीत ठिपके नव्हते, पण प्रत्येकाकडे एक चांगली प्रत होती. पुढच्या प्रत्येक पिढीत त्यांनी जोडीला डाल्मेशियनच घेतला. प्रत्येक विणीतल्या साधारण निम्म्या पिल्लांत ती चांगली प्रत उतरते. जनुक तेव्हा सापडलेलंच नव्हतं, त्यामुळे कुणाकडे ती प्रत आहे ते लघवीतल्या युरिक अॅसिडवरून ठरवायचं. पॉइंटरचा वाटा दर पिढीला निम्मा होत जातो: ५० टक्के, २५, साडेबारा. असा डाल्मेशियनशी पुन्हा केलेला उलट संकर पाच वेळा झाला की ६४ मध्ये १ आणि दहा वेळा झाला की २०४८ मध्ये १.

मला यातली सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट या हिशेबात दिसत नाही. हा वाटा सरासरीचा आहे. आपण मुद्दाम राखलेल्या जनुकाच्या शेजाऱ्यांना तो लागू नाही, कारण गुणसूत्र पुढच्या पिढीत जाताना सुटं सुटं होत नाही, मोठमोठ्या तुकड्यांनी जातं. अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोडीत अदलाबदल होते, पण एका गुणसूत्रावर एखाद-दुसऱ्या ठिकाणीच. त्यामुळे राखलेल्या जनुकाला चिकटून पॉइंटरचा पट्टाही येतो आणि तो हळूहळूच झिजतो. क पिढ्यांनंतर त्याची सरासरी लांबी प्रत्येक बाजूला १०० भागिले क सेंटिमॉर्गन (गुणसूत्रावरचं अंतर अदलाबदलीच्या शक्यतेवरून मोजायचं एकक) उरते. दहा पिढ्यांनंतर दहा सेंटिमॉर्गन, म्हणजे ढोबळमानाने डीएनएची एक कोटी अक्षरं. बाकीच्या गुणसूत्रांवरून पॉइंटर जवळजवळ पुसला गेला तरी इथे तो ठाण मांडून असतो. गव्हात तांबेऱ्याला तोंड देणारं जनुक घालणाऱ्यांनाही हीच डोकेदुखी असते.

जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबने १९८१ मध्ये यातले दोन कुत्रे नोंदवले, पण डाल्मेशियनवाल्यांच्या क्लबचा विरोध झाला आणि दार बंद झालं. ते उघडायला २०११ उजाडलं. ब्रिटनच्या केनेल क्लबने २०१० मध्ये अशा कुत्र्याची नोंद केली. एवढ्या आकडेमोडीनंतरही एका पॉइंटरने रक्त ‘बाटलं’ म्हणणारे होतेच. आपल्याकडेही ऐकायला मिळतं की कुत्री एकदा गावठीला लागली की तिच्या पुढच्या सगळ्या विणी बिघडतात. ही समजूत जेम्स कोसार युअर्ट यांनी स्कॉटलंडमध्ये घोड्या आणि झेब्रा यांच्यावर प्रयोग करून १८९० च्या दशकातच निकालात काढली होती.

म्हणून क्रॉस बेधडक घ्यावा, असंही नाही. लॅब्रॅडॉर आणि पूडल यांच्या संकराची पिल्लं ‘दोघांचे गुण’ म्हणून चढ्या भावाने विकली जातात. पण दृष्टिपटल झिजवून आंधळेपणा आणणारं एक अप्रभावी जनुक या दोन्ही जातींत आहे. आई-बाप दोघेही वाहक निघाले तर चारातलं एक पिल्लू आंधळं होणार, संकर असो वा नसो. विक्रेत्याकडे वंशावळीऐवजी दोघांच्या डीएनए तपासणीचे अहवाल मागावेत. सहसा विषय बदलतो.

डाल्मेशियनचं दुसरं दुखणं मात्र पॉइंटरलाही झेपलं नाही. अमेरिकेतल्या तपासण्यांत सुमारे ३० टक्के डाल्मेशियन एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे आढळले आहेत. अंग पांढरं करणाऱ्या जनुकामुळे रंगपेशी आतल्या कानापर्यंतही पोचत नाहीत आणि त्या पेशींवाचून तिथल्या श्रवणपेशी जन्मानंतर काही आठवड्यांतच मरतात. जन्मतःच अंगावर एखादा मोठा काळा किंवा तपकिरी डाग असलेली पिल्लं बहिरी असण्याची शक्यता बरीच कमी असते. अमेरिकन केनेल क्लबच्या जातिमानकानुसार असा डाग असलेला डाल्मेशियन प्रदर्शनातून बाद होतो.