अन्ननलिकेचा प्रारंभिक कर्करोग आणि प्रकाश-उपचार : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

अन्ननलिकेचा कर्करोग सुरुवातीलाच सापडला, की घरचे लोक आधी शिधापत्रिका आणि आधार कार्ड शोधू लागतात. ती लागतातच, पण महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेतील पूर्वमंजुरी वैद्यकीय कागदांवर ठरते, म्हणून सुरुवात तिथून करावी.

प्रकाश-उपचारात, म्हणजे फोटोडायनॅमिक थेरपीत, पोरफिमर सोडियम हे औषध वजनाच्या दर किलोमागे २ मिलिग्रॅम या प्रमाणात शिरेतून देतात आणि ४० ते ५० तासांनी दुर्बिणीतून ६३० नॅनोमीटरचा लाल लेसर प्रकाश गाठीवर सोडतात. त्या प्रकाशाने औषध क्रियाशील होऊन रोगट पेशी मारते. प्रकाश काही मिलिमीटरच आत शिरतो, त्यामुळे आजार अन्ननलिकेच्या वरच्या थरांपुरता असणे आणि लसिका ग्रंथींत पसरलेला नसणे ही पात्रतेची खरी अट होय. आज अशा आजारात पहिली पसंती दुर्बिणीतून गाठ काढण्याला असते. ते शक्य नसेल आणि मोठी शस्त्रक्रियाही झेपणार नसेल, तेव्हा या उपचाराचा विचार होतो. पोर्फिरिया (रक्तातील हीम तयार होण्याच्या प्रक्रियेतील दोषाचा विकार) असलेल्यांना, तसेच अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यात छिद्र पडलेल्यांना तो देत नाहीत.

औषधानंतर किमान ३० दिवस उन्हात जाता येत नाही. सनस्क्रीन लावूनही भागत नाही, कारण त्वचा दृश्य प्रकाशानेच भाजते. शेतावर राबणाऱ्या रुग्णाने हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीच लक्षात घ्यावे. घरात मात्र अंधार करून बसू नये. सौम्य उजेडाने त्वचेतील औषध हळूहळू निकामी होते. पुढे अन्ननलिका आकसून गिळताना त्रास होऊ शकतो, हेही डॉक्टरांना विचारून ठेवावे.

वैद्यकीय कागदांत गाठीची जागा आणि लांबी नोंदवलेला एंडोस्कोपी अहवाल, बायोप्सीचा अहवाल, गाठीची खोली सांगणारी एंडोस्कोपिक सोनोग्राफी आणि सीटी किंवा पेट-सीटी स्कॅन असावेत. दुसऱ्या रुग्णालयात जायचे असल्यास बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जतन केलेला ऊतीचा तुकडा) मागून घ्यावेत. नुसत्या अहवालावर बरेचदा भागत नाही आणि तपासणी पुन्हा करावी लागते.

योजनेत १ जुलै २०२४ पासून प्रति कुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. शिधापत्रिका आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र, शिधापत्रिका नसल्यास महाराष्ट्राचा अधिवास दाखला, घेऊन अंगीकृत (योजनेशी जोडलेल्या) रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, नोंदणी करावी. त्यानंतर पूर्वमंजुरीचा प्रस्ताव रुग्णालयच पाठवते, रुग्णाला कोणत्याही कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत. मात्र योजना उपचारांच्या ठरलेल्या यादीवर चालते. ‘कॅन्सरला योजना आहे’ एवढे ऐकून भरती होऊ नये. डॉक्टरांनी लिहिलेली नेमकी प्रक्रिया त्या यादीत आणि त्याच रुग्णालयासाठी आहे का, हे आधी विचारावे. चौकशीसाठी १५५३८८ हा निःशुल्क क्रमांक आहे.

प्रक्रिया यादीत नसल्यास मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीकडे अर्ज करता येतो. वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजार रुपयांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला, आधार कार्ड, शिधापत्रिका, तपासणीचे अहवाल आणि रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक जोडावे लागते. खासगी रुग्णालयाच्या अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांचे प्रमाणन हवे. मंजूर रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते आणि आधी झालेल्या खर्चाची भरपाई मिळत नाही, तेव्हा हा अर्ज उपचाराची तारीख ठरण्याआधीच द्यावा.