बॉन्ड, दंड आणि घाटावरचा दवाखाना

खानदेशात कर्जमाफी म्हटलं की सातबाराच आठवतो. २००८, २०१७, २०१९. कापूस उत्पादकाला ही सालं तोंडपाठ. डॉक्टरचं शैक्षणिक कर्ज फेडून त्याला आडवळणाच्या गावी आणायचं, हे मात्र इथे कानावर नवं पडतं. अमेरिकेत ते जुनं आहे. १९७० च्या कायद्यातून तिथे नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर उभी राहिली. पुढे डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात दोन वर्षं काम केलं की कर्जाचा काही भाग सरकार फेडू लागलं. कॅनडाने २०१३ पासून असंच काही सुरू केलं.

आपल्याकडे उलटी गंगा. सरकारी कॉलेजात फी कमी, म्हणून एमबीबीएसनंतर एक वर्षाच्या सरकारी सेवेचा बॉन्ड, म्हणजे करार. सेवा टाळली तर १० लाख दंड, पदव्युत्तरला ५० लाख. म्हणजे ही कर्जमाफीच, फक्त दंडाच्या भाषेत लिहिलेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये असे बॉन्ड वैध ठरवले. पण ज्याच्या घरी पैसा, त्याला दंड म्हणजे सुटकेची किंमत. बक्षीसही होतं: दुर्गम भागातल्या सेवेला पीजी प्रवेशात वर्षाला १० टक्के, कमाल ३० टक्के वाढीव गुण. गंमत बघा, डोंगरात राहण्याचं बक्षीस म्हणजे डोंगरातून बाहेर पडण्याचं तिकीट!

कॉलेजं आली. धुळ्याला ऐंशीच्या दशकात, जळगावला २०१८, नंदुरबारला २०२०. पण ती सपाटीवर. नंदुरबारच्या डोंगरातल्या अक्कलकुवा, धडगावच्या पाड्यांवरून पेशंट अजूनही बांबूला बांधलेल्या झोळीतून खाली येतो. चौघं आळीपाळीने खांदा देतात, पावसाळ्यात निसरड्या पायवाटेवर एकाचा पाय घसरला की सगळेच थांबतात. नर्मदाकाठच्या गावांना तर तरंगता दवाखाना.

१९९५ च्या नवसंजीवनी योजनेतून आदिवासी भागात डॉक्टरांची फिरती भरारी पथकं निघाली. त्यात बहुतेक बीएएमएस (आयुर्वेद) झालेले, मानधनावरचे 'मानसेवी' डॉक्टर. या शब्दात मान आहे, सेवा आहे; कायम नोकरी नाही. वर्षानुवर्षं सातपुड्यात हिंडणारे बरेचसे हेच, आणि त्यांच्यातल्या खाजगी कॉलेजात शिकलेल्याला सरकारी बॉन्डची माफी काय कामाची? त्याचा हप्ता बँकेत असतो.