एक कर्नल, अनेक रूट: सोलारिस झोनच्या व्यवस्थापनाची पार्श्वभूमी

सोलारिस ही सन मायक्रोसिस्टिम्सची युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिम, आणि ‘झोन’ म्हणजे तिच्या एकाच कर्नलवर (सिस्टिमच्या गाभ्यावर) चालणारा, स्वतंत्र मशीनसारखा वागणारा कप्पा. सोलारिस 10 वर नवा झोन पहिल्यांदा बूट केला की यादीत त्याची अवस्था ‘रनिंग’ दिसते, तरीही नेटवर्कवरून त्यात शिरता येत नाही. बिघाड काहीच झालेला नसतो. झोनच्या कन्सोलवर टर्मिनलचा प्रकार, होस्टनेम, टाइमझोन, रूटचा (सर्वाधिकारी खात्याचा) पासवर्ड असे प्रश्न उत्तरांची वाट पाहत थांबलेले असतात, आणि ‘झेडलॉगिन’ ही कमांड मोठ्या ‘सी’ या पर्यायासह चालवून कन्सोल उघडल्याशिवाय ते कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. कर्नलच्या लेखी झोन सुरू झालेला असतो, पण आतल्या सेवांच्या लेखी मशीनची ओळखच अजून ठरलेली नसते. झोनच्या बऱ्याचशा तक्रारी याच सांध्यात सापडतात, आणि तो सांधा कसा तयार झाला हे कळले की त्यांची उकल पुष्कळ सोपी होते.

युनिक्समध्ये वेगळेपणाची पहिली सोय 1979 च्या सातव्या आवृत्तीत ‘सीएचरूट’ या सिस्टिम कॉलच्या रूपाने आली. तिने एखाद्या प्रोसेसपुरती फाइल सिस्टिमची मूळ डिरेक्टरी बदलता येत असे, पण त्यापलीकडे काहीच वेगळे होत नसे: प्रोसेसची यादी सामायिक, नेटवर्क सामायिक, आणि रूट हा सर्वशक्तिमानच. रूटचे अधिकार हाती असलेल्या प्रोसेसला या कुंपणाबाहेर पडणे अवघड नव्हते. मार्च 2000 मध्ये आलेल्या फ्रीबीएसडी 4.0 मधील ‘जेल’ने नेमका हाच दोष हेरला. पॉल-हेनिंग काम्प यांनी लिहिलेल्या या व्यवस्थेत जेलमधल्या प्रोसेसना बाहेरच्या प्रोसेस दिसत नव्हत्या, जेलला ठरावीक आयपी पत्ता दिलेला असे आणि आतल्या रूटचे हात बांधलेले असत.

सन मायक्रोसिस्टिम्सला भेडसावणारा प्रश्न थोडा निराळा होता. मोठ्या सर्व्हरचे हार्डवेअर पातळीवर ‘डोमेन’ पाडण्याची सोय त्यांच्या ई10000 या यंत्रात होतीच, पण ती महाग आणि ढोबळ होती. दुसरीकडे प्रत्येक कामाला स्वतंत्र सर्व्हर दिल्यामुळे यंत्रे बराच वेळ रिकामी बसत. अनेक कामे एका यंत्रावर आणायची, पण एकाच्या अ‍ॅडमिनचा हात दुसऱ्याच्या कामाला लागू द्यायचा नाही, ही गरज समोर ठेवून झोनची रचना झाली. डॅनियल प्राइस आणि अँड्र्यू टकर यांनी 2004 च्या लिसा या सिस्टिम व्यवस्थापनावरील परिषदेत ती मांडली आणि 2005 मध्ये सोलारिस 10 बरोबर ती सर्वांच्या हाती आली. सोलारिस 10 मध्येच रूटचे अधिकार सुट्या ‘प्रिव्हिलेज’मध्ये विभागले गेले, आणि त्यांतले ठरावीकच झोनला मिळतात. झोनमधल्या रूटला एरवी सर्व्हरचे घड्याळ बदलता येत नाही ते यामुळेच. आत वेळ जुळवणारी सेवा लावून ती का चालत नाही म्हणून तासन्‌तास डोके खाजवणे व्यर्थ आहे.

मुळातला झोन ‘ग्लोबल’ ठरला आणि त्याला इतर सर्व झोनमधल्या प्रोसेस दिसू लागल्या. निदानासाठी ही मोठीच सोय आहे: ‘पीएस’ या प्रोसेसची यादी देणाऱ्या कमांडला मोठ्या ‘झेड’चा पर्याय दिला की कोणती प्रोसेस कोणत्या झोनची ते लगेच कळते. मात्र वापरकर्त्याचे नाव दिसते ते ग्लोबल झोनच्या पासवर्ड फाइलमधले. झोनमध्ये 100 हा वापरकर्ता-क्रमांक डेटाबेसच्या खात्याचा असेल आणि ग्लोबलमध्ये तोच क्रमांक दुसऱ्या कोणाचा असेल, तर यादीत भलत्याच माणसाचे नाव येते. झोनपाथवर, म्हणजे झोनच्या फाइली असलेल्या डिरेक्टरीवर, 700 एवढीच (फक्त मालकाला प्रवेश देणारी) परवानगी असली पाहिजे, असा आग्रह झोन हाताळणारी कमांड ‘झोनअ‍ॅडम’ धरते तोही याच क्रमांकांमुळे. झोनच्या रूटने तयार केलेला सेटयूआयडी (कोणीही चालवला तरी मालकाच्या अधिकाराने चालणारा) प्रोग्रॅम ग्लोबल झोनमधल्या साध्या वापरकर्त्याला चालवता आला, तर सगळे कुंपण कोसळेल. ही तपासणी नडते म्हणून वैतागणाऱ्यांनी तिचे कारण एकदा समजून घ्यावे.

सर्वांत हटवादी तक्रार म्हणजे झोन बंद न होणे. संपूर्ण यंत्र बंद होते तेव्हा मेमरीतले सगळे पुसलेच जाते, त्यामुळे एखादे माउंट (जोडलेली फाइल सिस्टिम) मागे राहिले तरी बिघडत नाही. झोन बंद होताना मात्र कर्नल चालूच असतो, आणि म्हणून झोनची प्रत्येक फाइल सिस्टिम रीतसर अनमाउंट करावी लागते. ग्लोबल झोनमधला कोणी अ‍ॅडमिन झोनच्या रूट डिरेक्टरीखाली ‘सीडी’ करून शेल तसेच उघडे ठेवून गेला असेल, तरी अनमाउंट अडते आणि झोन ‘रनिंग’ व ‘इन्स्टॉल्ड’ (बसवलेला, पण बंद) यांच्या मध्येच लोंबकळत राहतो. अशा वेळी झोनच्या आत शोधण्यासारखे काही उरलेले नसते. ‘एफयूजर’ आणि ‘पीफाइल्स’ या कमांड ग्लोबल झोनमध्ये चालवून फाइल अडवून बसलेली प्रोसेस शोधावी लागते.

डिस्कची काटकसर करण्याच्या निर्णयाने वेगळीच डोकेदुखी आणली. ‘स्पार्स रूट’ झोनमध्ये लिब, प्लॅटफॉर्म, एसबिन आणि यूएसआर या चार डिरेक्टरी ग्लोबल झोनकडून केवळ वाचण्यापुरत्या मिळत, त्यामुळे एका झोनला सुमारे 100 एमबी जागा पुरे. यूएसआरखाली काही लिहू पाहणारे सॉफ्टवेअर मात्र तिथेच अडखळे. शिवाय ग्लोबल झोनवर चढवलेला पॅच प्रत्येक झोनमध्ये एकामागून एक चढवावा लागे. झोन बरेच असले की देखभालीची रात्र पुरत नसे. 2006 च्या अखेरच्या अद्ययावत आवृत्तीत झोन ‘डिटॅच’ आणि ‘अटॅच’ करता येऊ लागले. पुढे 2008 मध्ये अटॅच करतानाच झोन यजमानाच्या (ज्या यंत्रावर तो चालतो त्याच्या) पॅचच्या पातळीवर आणण्याची सोय झाली, तेव्हा अनेकांनी झोन सोडवायचे, ग्लोबल पॅच करायचा आणि मग झोन पुन्हा जोडायचे अशी रीतच पाडली. माझ्या मते मूळ आराखड्यातली ही सर्वांत कच्ची बाजू होती आणि ती उत्पादकापेक्षा अ‍ॅडमिनांनीच आधी सावरली.

जानेवारी 2010 मध्ये सन ओरॅकलकडे गेली आणि नोव्हेंबर 2011 मध्ये सोलारिस 11 आले. त्यात स्पार्स रूट उरला नाही. झोनची मूळ डिरेक्टरी झेडएफएस या फाइल सिस्टिमवरच असणे बंधनकारक झाले. पॅकेज पद्धत नवी आली आणि अपडेट नव्या बूट एन्व्हायर्नमेंटमध्ये (सिस्टिमच्या वेगळ्या, बूट करता येणाऱ्या प्रतीत) होऊ लागल्यामुळे फसलेल्या अपडेटवरून मागे फिरणे सोपे झाले. प्रत्येक झोनला स्वतःची नेटवर्क व्यवस्था देणे हा नेहमीचा पर्याय बनला, म्हणजे रूटिंगची चूक शोधायला आता झोनच्या आत जावे लागते.

2014 च्या 11.2 आवृत्तीतील ‘कर्नल झोन’ने त्याहून पुढे जाऊन झोनला स्वतःचा कर्नल दिला. त्यामुळे यजमानापेक्षा वेगळ्या आवृत्तीवर झोन चालवता येऊ लागला. या झोनमधल्या प्रोसेस ग्लोबल झोनच्या यादीत दिसत नाहीत. बाहेर उभे राहून ‘पीएस’ने आत डोकावणाऱ्या अ‍ॅडमिनच्या हाती तिथे कन्सोल आणि ‘झेडलॉगिन’ एवढेच उरते.