अपग्रेड करताना मागे फिरायची वाट

ऑनलाइन दुकानाचं सॉफ्टवेअर अपग्रेड करायचं म्हटलं की सल्ला ठरलेला असतो. आधी बॅकअप घ्या, मग बिनधास्त बटण दाबा. काही बिघडलंच तर बॅकअप आहेच की! ऐकायला पटतं. पण दुकान चालू असेल तर हा सल्ला अर्धाच आहे.

समजा पहाटे दोनला बॅकअप घेतला, तीनला अपग्रेड केलं आणि सकाळी नऊला लक्षात आलं की सवलतीचा हिशेब चुकतोय. आता बॅकअप परत चढवला तर डेटाबेस पहाटे दोनच्या अवस्थेत जातो. मधल्या सात तासांतल्या ऑर्डरी पुसल्या जातात. पण त्या ग्राहकांचे पैसे कापले गेलेले असतात, पेमेंट गेटवेकडे, म्हणजे ग्राहकाचे पैसे वसूल करणाऱ्या सेवेकडे, त्याची नोंद असते, ऑर्डर मिळाल्याचे ईमेल गेलेले असतात. वर आणखी एक गंमत होते. ऑर्डर क्रमांक देणारा डेटाबेसमधला मोजणी-आकडाही मागे सरकतो, त्यामुळे सकाळी दहाच्या ग्राहकाला तोच क्रमांक मिळतो जो पहाटे चारच्या ग्राहकाच्या ईमेलमध्ये छापून गेलाय. आता गेटवेच्या लेखी एका क्रमांकाचे दोन मालक आणि तुमच्या लेखी एकच.

आणि हे सगळं बॅकअप शाबूत असेल तर! ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेसची फाइल-डिरेक्टरी पुसली गेली. बॅकअप शोधायला गेले तर साठवणीची जागा रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेस या डेटाबेस-सॉफ्टवेअरच्या ९.६ आवृत्तीवर होता आणि बॅकअप घेणारा प्रोग्रॅम ९.२ चा, त्यामुळे तो रोज निमूटपणे अयशस्वी होत होता. अपयश कळवणारे ईमेल निघत होते, पण समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. शेवटी सुमारे सहा तास जुनी एक प्रत हाताशी होती म्हणून निभावलं. बॅकअप घेतला म्हणजे काम झालं, असं नसतं. तो वेगळ्या मशीनवर चढवून, दुकान त्यावर उघडून पाहिलं की मग तो बॅकअप.

बरं, डेटाला हात न लावता नुसता कोड जुना केला तर? जुलै २०१२ च्या अखेरीस नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीने नवा कोड चढवला, तो आठपैकी सातच सर्व्हरवर पोचला. नव्या कोडने एक जुनी खूण, म्हणजे फ्लॅग, नव्या अर्थाने वापरायला घेतली होती. आठव्या सर्व्हरवर त्याच खुणेचा जुना अर्थ जिवंत होता. १ ऑगस्टला तिथे २००३ पासून वापरात नसलेला कोड जागा झाला आणि भराभर शेअर खरेदी-विक्री करत सुटला. घाबरून कंपनीने उरलेल्या सात सर्व्हरवरचा नवा कोड काढून टाकला. म्हणजे आता आठही सर्व्हर त्या खुणेचा जुनाच अर्थ लावू लागले आणि संकट वाढलं. पाऊण तासातल्या या व्यवहारांनी ४६ कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला. मागे फिरणंच महागात पडलं, कारण कोड मागे गेला तरी येणाऱ्या ऑर्डरींवरची खूण नव्या अर्थाचीच होती.

मग अपग्रेड टाळावंच का? तेही परवडत नाही. मॅजेन्टो १ या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरचे सुरक्षा-दुरुस्त्यांचे हप्ते ३० जून २०२० ला थांबले, पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ७.४ आवृत्तीचे २८ नोव्हेंबर २०२२ ला. त्यानंतर सापडलेलं प्रत्येक भोक चोरांना माहीत होतं आणि बुजवायला अधिकृतपणे कुणी नसतं.

यातून निघण्याची जी युक्ती आहे ती मला फार आवडते. आधी वाढवा, मग आवरा. एक उदाहरण सविस्तर बघू. जुन्या डेटाबेसमध्ये ऑर्डरची रक्कम दशांश-अपूर्णांकात, संगणकाच्या फ्लोटिंग पॉइंट पद्धतीने साठवलेली आहे. नव्या आवृत्तीला ती चलनाच्या सर्वांत लहान एककात, पूर्णांकात हवी आहे. १९.९९ ऐवजी १९९९. साधं वाटतं, शंभराने गुणायचं. पण दशमान पद्धतीत एक-तृतीयांश जसा नेमका लिहिता येत नाही, तसा द्विमान पद्धतीत १९.९९ नेमका लिहिता येत नाही. संगणकाला १९.९९ गुणिले १०० विचारलं तर उत्तर येतं १९९८.९९९९९९९९९९९९८. प्रोग्रॅमरने अपूर्णांक नुसता छाटला की रक्कम १९९८ झाली. पूर्णांकन केलं तर १९९९. अशा लाखो ओळी आहेत, आणि जुना कॉलम बदलून टाकला असेल तर चूक पडताळायला मूळ आकडाही उरत नाही.

म्हणून जुन्या कॉलमला हात लावायचा नाही. शेजारी नवा, रिकामा कॉलम घालायचा. जुन्या कोडला त्याचा पत्ताही नसतो, दुकान चालू राहतं. मग असा कोड चढवायचा जो वाचतो जुन्यातून, पण लिहितो दोन्हीकडे. सगळे सर्व्हर या कोडवर आले की जुन्या ओळींची रक्कम थोडी थोडी करून नव्या कॉलममध्ये भरायची. ‘सगळे’ या शब्दावर जोर आहे. सर्व्हर एकेक करून बदलले जातात, आणि तोवर लोड बॅलन्सर, म्हणजे विनंत्या सर्व्हरमध्ये वाटून देणारी यंत्रणा, एकाच ग्राहकाची एक विनंती नव्या सर्व्हरकडे तर पुढची जुन्याकडे पाठवू शकतो. नव्याने ऑर्डर दोन्ही कॉलममध्ये लिहिली. मिनिटभराने ग्राहकाने एक वस्तू काढून टाकली आणि ती विनंती जुन्या सर्व्हरने हाताळली. त्याने फक्त जुना कॉलम बदलला. आता नवा कॉलम भरलेला आहे, पण शिळा. भरणा करणारा प्रोग्रॅम ‘रिकामं दिसेल तिथे भर’ एवढंच करत असेल तर ही ओळ त्याच्या नजरेतून सुटते. त्यामुळे त्याने रिकाम्या ओळींबरोबर न जुळणाऱ्या ओळीही शोधायला हव्यात, आणि वाचल्यापासून लिहीपर्यंत ती ओळ कुलूपबंद ठेवायला हवी. नाहीतर मधल्या क्षणी ग्राहकाने केलेला बदल हाच प्रोग्रॅम जुन्या आकड्याने पुसेल.

दोन्ही कॉलम पुरेसे दिवस तंतोतंत जुळले की वाचन नव्याकडे वळवायचं. लिखाण मात्र दोन्हीकडे चालूच. या टप्प्यावर काही बिघडलं तर वाचन पुन्हा जुन्याकडे फिरवायचं. एकही ऑर्डर हरवत नाही, कारण जुना कॉलम आजच्या तारखेपर्यंत खरा आहे. हीच ती मागे फिरायची वाट. ती बॅकअपमधून जात नाही, दोन्हीकडे लिहिण्यातून जाते. प्रत्येक टप्प्याचा कोड त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या टप्प्याबरोबर एकाच वेळी नांदू शकला पाहिजे, एवढीच अट.

बाकीची तयारी तुलनेने सरळ आहे. खऱ्या डेटाच्या प्रतीवर, ग्राहकांची नावं-पत्ते झाकून, रंगीत तालीम करायची. आधी थोड्याच ग्राहकांना नव्या आवृत्तीवर सोडायचं आणि फक्त सर्व्हर जिवंत आहे का ते न बघता ऑर्डरी पूर्ण होतायत का ते बघायचं. गेटवेचा ‘पैसे मिळाले’ हा निरोप उत्तर न मिळाल्यास पुन्हा येऊ शकतो. तो दोनदा आला तरी ऑर्डर एकदाच नोंदली जाईल याची खात्री करायची.

या धंद्यात अंधश्रद्धाही कमी नाहीत. मायक्रोसॉफ्ट ऑफिसची अंतर्गत आवृत्ती १२ वरून थेट १४ वर गेली, १३ आलीच नाही. ‘शुक्रवारी काही चढवायचं नाही’ हा नियमही मंत्रासारखा जपला जातो. वाराचा दोष नसतो. शनिवारी फोन उचलायला माणूस नसतो, हा दोष असतो. माणूस असेल आणि वर सांगितलेली वाट खुली असेल तर शुक्रवारही चालतो. याच पंगतीत ‘एका क्लिकमध्ये, शून्य खंड’ अशी जाहिरात करणारी अपग्रेड-साधनं बसवायला हरकत नाही. विकणाऱ्याला एवढंच विचारा, की अपग्रेडनंतर आलेल्या ऑर्डरी मागे फिरताना कुठे जातात?

राहिलं आवरणं. हा टप्पा सगळे पुढे ढकलतात, कारण दुकान तर चालू असतं. पण दोन्हीकडे लिहिणारा कोड तसाच राहिला तर कालांतराने नव्या माणसाला कुठला कॉलम खरा ते कळत नाही. घाई करूनही चालत नाही. रोजचा कोड नव्या कॉलमवर आलेला असतो, पण महिन्यातून एकदा धावणारा कराचा अहवाल किंवा क्वचित लागणारा परताव्याचा हिशेब अजून जुना कॉलम वाचत असतो. म्हणून पुसण्याआधी जुन्या कॉलममधलं लिखाण थांबवायचं, त्याचं नुसतं नाव बदलायचं आणि एक महिनाअखेर जाऊ द्यायची. कुणी ओरडलं तर नाव पूर्ववत करायला क्षणभर लागतो. मधल्या काळात लिखाण थांबलेलं असतं, म्हणून त्या काळातल्या ओळी नव्या कॉलमवरून उलट भरून घ्यायच्या. कुणीच ओरडलं नाही तर पुढच्या आठवड्यात कॉलम काढून टाकायचा.