ओबोचा लांब श्वास आणि बाखची नक्षी

अलेस्सांद्रो मार्चेल्लो हा व्हेनिसचा खानदानी उमराव. घराणं प्रजासत्ताकाच्या महापरिषदेतलं. कविता, चित्रकला, गणित असे त्याचे नाना नाद, आणि संगीत त्यातलंच एक. सूर विकून पोट भरणं त्या वर्गाला शोभणारं नव्हतं. १७३८ मध्ये ऑग्सबर्गला त्याचे सहा कॉन्चेर्तो (एकटं वाद्य आणि वाद्यवृंद यांच्या संवादाच्या रचना) छापले गेले, तेही ‘एतेरियो स्तिनफालिको’ या टोपणनावाने.

मात्र त्याचं नाव राहिलं ते आधीच्या, डी मायनर या स्वरपट्टीतल्या ओबो कॉन्चेर्तोमुळे. हा १७१७ च्या सुमारास अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. तरी पुढे बराच काळ श्रेय आधी व्हेनिसचाच नामांकित संगीतकार विवाल्डी याला आणि मग धाकटा भाऊ बेनेदेत्तो याला मिळत राहिलं. हौशी माणसाचं एवढं चांगलं असेल, हे लोकांना पटायला जडच जातं!

यातला मधला संथ भाग सर्वांत गाजलेला. तारवाद्यं सारख्या ठोक्यांनी सूर रचत जातात आणि वर ओबो लांबलचक सूर धरतो. ओबो म्हणजे आपल्या सनईचा दूरचा भाऊबंद: बोरूसारख्या काडीच्या दोन पात्या आणि खाली रुंदावत जाणारी शंकूच्या आकाराची नळी. अशा नळीत मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी सगळ्या पटींची कंपनं उठतात. क्लॅरिनेटची नळी बहुतेक सारख्याच रुंदीची असते, त्यामुळे तिच्या खालच्या सुरांत सम पटींची कंपनं क्षीण पडतात. ओबोच्या खालच्या सुरांत तर मूळ कंपनापेक्षा वरच्या पटींचाच जोर जास्त. आपला कान २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असल्याने एकटा ओबो व्हायोलिनांच्या गर्दीतूनही वेगळा ऐकू येतो.

दोन पात्यांमधली फट इतकी बारीक असते की हवा फार थोडी जाते. म्हणून सूर लांबवता येतो. पण वादकाची पंचाईत उलटीच होते: छातीत शिळी हवा साचते, आणि नवा श्वास घेण्याआधी ती बाहेर टाकावी लागते.

आता बाख, त्याच काळातला जर्मन संगीतकार. वायमारच्या दरबारात असताना त्याने हाच कॉन्चेर्तो एकट्या हार्पसिकॉर्डसाठी उतरवला (बाखच्या रचनांच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही ९७४). हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोच्या आधीचं, पट्ट्या दाबून तारा छेडायचं वाद्य. त्याची तार छेडली की आवाज लगेच ओसरू लागतो. तो फुगवता येत नाही की धरून ठेवता येत नाही. मार्चेल्लोने संथ भागात नुसता सांगाडा लिहिला होता. बंदिशीचे शब्द-सूर कागदावर असावेत आणि बढत गायकाने करावी, तसाच तेव्हाचा रिवाज. बाखने ती बढत सविस्तर लिहूनच ठेवली. त्यात त्याच्या रसिकतेचा वाटा मोठा, पण ओसरणाऱ्या तारेची गरजही होतीच, असं मला वाटतं.

गंमत म्हणजे आजचे बरेच ओबोवादक बाखचीच नक्षी उचलून परत ओबोवर वाजवतात. वाजते सुरेखच. पण सूर धरून ठेवणं हेच ज्या वाद्याचं बळ, त्याच्यावर मला पहिली फेरी तरी उमरावाने लिहिली तशी, साधी ऐकायला आवडते.