जंगल गेलं, झाड राहिलं: मेघवनातल्या डेपियाची पार्श्वभूमी

मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला, ग्वाटेमालाच्या सीमेजवळ, चियापास राज्यात सेरो मोसोताल नावाचा डोंगर आहे. १९७२ मध्ये कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसचे वनस्पतिशास्त्रज्ञ डेनिस ब्रीडलव्ह यांना या डोंगराच्या उतारावरच्या एका घळीत एक लहानखुरं झाड सापडलं. कॉफीच्या कुळातलं, फार तर सात-आठ मीटर उंच, रुंद मखमली पानांचं. लांब, बारीक देठांवरून फुलं डुलांसारखी लोंबत होती. नळीसारख्या पाकळ्या सोनेरी-केशरी आणि त्यांना धरून ठेवणारी निदलं गडद लालजांभळी. १९८१ मध्ये ब्रीडलव्ह तिथे परत गेले आणि त्यांनी त्याचं बी गोळा करून आणलं. १९८६ मध्ये पाहिलं, तर ती घळ शेतीसाठी साफ झालेली होती. ते झाड त्या एकाच जागेहून माहीत होतं. ‘डेपिया स्प्लेंडेन्स’ हे शास्त्रीय नाव छापून आलं १९८७ मध्ये. म्हणजे झाडाचं बारसं झालं, तेव्हा त्याचं घर उरलेलं नव्हतं.

आज हे झाड कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवर, सॅन फ्रान्सिस्कोसारख्या ठिकाणी, काचेच्या छपराशिवाय उघड्यावर वाढतं. उष्ण कटिबंधातलं झाड समशीतोष्ण प्रदेशात बाहेर कसं तगतं, हे समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं. कारण हे शहाणपण यायला दोनशे वर्षं लागली आणि त्यातली बरीचशी वर्षं एका चुकीच्या समजुतीत गेली.

समजूत अशी होती की झाडाला थंडीची सवय लावता येते. माणूस नव्या हवेला सरावतो, तसं झाडही सरावेल. फक्त त्याला टप्प्याटप्प्याने न्यायचं. या विचारातून स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने १७ ऑगस्ट १७८८ रोजी तेनेरिफे बेटावर एक बाग उभारण्याचा हुकूम काढला. हे बेट आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ, स्पेनच्या ताब्यातलं. अमेरिका आणि आशियातल्या वसाहतींतून आलेली रोपं आधी या सौम्य हवेच्या बेटावर मुरवायची, मग स्पेनच्या मुख्य भूमीवर, आरान्हुएथ आणि माद्रिदच्या राजबागांत न्यायची, असा बेत होता. पहिला टप्पा उत्तम जमला. ला ओरोतावाची ती बाग आजही आहे आणि तिथे उष्णकटिबंधीय झाडं थोराड झाली आहेत. दुसरा टप्पा मात्र माद्रिदच्या हिवाळ्यापुढे फसला. तेनेरिफेत झाड कितीही वर्षं राहिलं, तरी ते थंडीला एका अंशानेही जास्त काटक झालं नाही.

तरीही ही कल्पना पुढे शंभरेक वर्षं मोठ्या उत्साहाने जगली. फ्रेंचांनी १८३२ मध्ये अल्जीयर्समध्ये हम्माची प्रयोगबाग काढली. १८५४ मध्ये पॅरिसमध्ये खास परदेशी प्राणी आणि वनस्पती रुजवण्यासाठी संस्था स्थापन झाली. त्याच सुमारास वाहतुकीचा प्रश्नही सुटला. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांना बंद बाटलीतल्या मातीत नेचा आपोआप उगवलेला दिसला. त्यावरून त्यांनी काचेची हवाबंद पेटी तयार केली आणि १८३३ मध्ये अशा दोन पेट्या सिडनीला पाठवल्या. रोपं जिवंत पोहोचली. तोवर खारे वारे आणि गोड्या पाण्याची टंचाई यांमुळे जहाजावर रोपं मरायची. आता जगातलं जवळजवळ कुठलंही रोप कुठेही नेता येऊ लागलं. नेल्यावर ते जगेल का, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचं उत्तर खरं तर आधीच कुणीतरी डोंगरावर पाहून ठेवलं होतं. १८०१ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट आणि एमे बाँप्लां आजच्या कोलंबियातली किंदिओची खिंड ओलांडत होते. ताड-माड ही उष्ण, सखल किनाऱ्याची झाडं, असं तेव्हा युरोपात मानलं जाई. आणि इथे त्यांच्यासमोर दोन-अडीच हजार मीटर उंचीवर, गार धुक्यात, मेणासारखा पांढरट थर असलेल्या खोडांचे प्रचंड ताड उभे होते. हा मेणताड साठ मीटरच्या आसपास जातो, जगातला सर्वांत उंच ताड तोच. विषुववृत्तापासून काही अंशांवर उभं असलेलं हे झाड उन्हाळी हवेचं नाहीच, हे त्या दोघांनी डोळ्यांनी पाहिलं. हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. त्यामुळे उष्ण कटिबंधाच्या पोटातच गार हवेचे पट्टे एकावर एक रचलेले असतात. नकाशावर ‘उष्णकटिबंधीय’ हा एकच शब्द असतो, पण त्यात नारळही येतो आणि हा मेणताडही.

पुढचा धागा हिमालयातून आला. इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकरने तिथल्या वेगवेगळ्या उंचीवरून ऱ्होडोडेंड्रॉन या फुलझाडाचं बी इंग्लंडला नेलं होतं. त्या रोपांची थंडी सोसण्याची ताकद आई-झाडाच्या उंचीनुसार वेगवेगळी निघाली, हे डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात नोंदवलं आहे. जात एकच, तरीही बी कुठल्या उंचीवरचं यावर फरक पडतो. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत मोलाचं वाक्य आहे. झाडाला थंडी शिकवता येत नाही. थंडी शिकून आलेलं झाड शोधावं लागतं.

हे तत्त्व व्यवहारात किती निर्णायक ठरतं, ते कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅव्होकॅडोने दाखवलं. १९११ मध्ये आल्टाडेनाच्या एका रोपवाटिकेने कार्ल श्मिट याला मेक्सिकोत पाठवलं. बाजारातलं उत्तम फळ शोधायचं, ते कुठल्या झाडाचं याचा माग काढायचा आणि कलमं बांधण्यासाठी त्या झाडाच्या डोळ्यांच्या काड्या पाठवायच्या, हे त्याचं काम. त्यातल्या पंधरा नंबरच्या काड्या पुएब्ला राज्यातल्या आत्लिस्को गावच्या होत्या. हे गाव सुमारे अठराशे मीटर उंचीवर आहे. जानेवारी १९१३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात कडाक्याची हिमलाट आली आणि अ‍ॅव्होकॅडोची कलमं मोठ्या प्रमाणावर गेली. पंधरा नंबरची टिकली. तिला ‘फुएर्ते’ नाव मिळालं. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ बळकट. पुढे कित्येक दशकं तिथल्या बागांवर याच वाणाचं राज्य होतं. ती डोंगरी मेक्सिकन आणि ग्वाटेमाली वंशांचा संकर होती. सखल किनाऱ्यावरच्या वेस्ट इंडियन वंशाला ही थंडी पेलत नाही.

या दोन प्रकारच्या झाडांत नेमका फरक काय? सखल प्रदेशातली कितीतरी झाडं मरायला पाणी गोठावंही लागत नाही. तापमान दहा-बारा अंशांखाली बरेच दिवस राहिलं, की पेशींची आवरणं ताठरतात, मुळं पाणी ओढेनाशी होतात, पानं पिवळी पडून गळतात. थर्मामीटर शून्याच्या जवळही गेलेला नसतो आणि झाड थंड, ओल्या मातीत हळूहळू मरतं. डोंगरी झाडाचं तसं नसतं. उष्ण कटिबंधातल्या डोंगरावर वर्षभरातल्या चढ-उतारापेक्षा दिवस-रात्रीतला चढ-उतार मोठा असतो. तिथे हिवाळा रोज रात्री येतो आणि सकाळी जातो. पाच-सहा अंशांची रात्र त्या झाडाला नेहमीची. त्याला सोसत नाही ते दुसरंच: उकाड्याची रात्र आणि कोरडी हवा.

इथेच थंडीच्या पट्ट्यांचे नकाशे अपुरे पडतात. अमेरिकी कृषी खात्याने १९६० मध्ये काढलेला आणि नंतर अनेकदा सुधारलेला नकाशा वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीच्या सरासरीवर बेतलेला आहे. त्यानुसार सॅन फ्रान्सिस्को आणि दक्षिण फ्लोरिडाचे काही भाग एकाच पट्ट्यात येतात. पण फ्लोरिडात आंबा पिकतो आणि मेणताड उकाड्याने मरतो. सॅन फ्रान्सिस्कोत मेणताड जोमाने वाढतो. आंब्याला मात्र पिकण्याइतकी ऊब मिळत नाही. उन्हाळ्यात समुद्राचं धुकं त्या शहरावर चढतं, दुपारचं तापमान पुष्कळदा वीस अंशांच्या आसपासच राहतं. तीन हजारांहून जास्त किलोमीटर दक्षिणेकडच्या मेघवनाची, म्हणजे कायम ढगात बुडालेल्या डोंगरी जंगलाची हवा इथे समुद्रसपाटीवर सापडली. १९४० मध्ये खुल्या झालेल्या तिथल्या स्ट्रायबिंग वनस्पतिउद्यानात मेघवनातल्या झाडांचा स्वतंत्र विभागच उभा राहिला. ब्रीडलव्ह यांनी चियापासहून आणलेलं बी रुजवायला याहून चांगली जागा क्वचितच मिळाली असती.

अर्थात सौम्य हिवाळा म्हणजे दरवर्षी सौम्य, असं नाही. सरासरीवर विसंबलेल्या बागेला एखादं वर्ष फार महाग पडतं. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सिली बेटांवर ट्रेस्कोची बाग आहे. ऑगस्टस स्मिथने १८३० च्या दशकात ती सुरू केली. खाऱ्या वाऱ्याला अडवायला उंच झाडांची भिंत लावली आणि तिच्या आडोशाला दूरदूरच्या उबदार देशांतली झाडं वाढवली. पिढ्यान्‌पिढ्या ती फोफावली. जानेवारी १९८७ मध्ये तिथे बर्फ पडला, कडक दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, आलं आणि बागेचा मोठा भाग काही दिवसांत गेला. तीनच वर्षांनी, १९९० च्या वादळात, आडोशाची झाडंही उन्मळली. बाग पुन्हा लावली गेली, आज ती बहरलेली आहे. पण ते नव्या रोपांनी.

म्हणूनच असं झाड उघड्यावर लावणारे जागेच्या बाबतीत काटेकोर असतात. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीची उष्णता सरळ आकाशात निघून जाते आणि थंड, जड हवा पाण्यासारखी उतारावरून वाहून खोलगट जागी साचते. अशा खळग्यात लावलेलं रोप करपतं आणि दहा पावलं वरचं वाचतं. मोठ्या झाडाची छत्री डोक्यावर असली, तर तीच उष्णता अडते. डेपियाला तर ही छत्री दोन्ही ऋतूंत हवी. उन्हाळ्यात तिची पानं दुपारच्या उन्हात मलूल होतात, हिवाळ्यात दहिवर पडलं की काळवंडतात. मुळाशी पालापाचोळ्याचं जाड आच्छादन, ओलसर पण पाणी न साचणारी जमीन, वाऱ्याला आडोसा आणि पहिले दोन-तीन हिवाळे रात्री कापडाचं पांघरूण, एवढं तिला लागतंच. झाड मोठं झालं की त्याचं खोडच थोडी उष्णता धरून ठेवतं. धोका असतो तो लहानपणी.

उन्हाळा सरता सरता ती फुलते. गावी तिचं परागण गुंजनपक्ष्यांकडे (हमिंगबर्डकडे) असावं, हे त्या लांब नळ्यांवरून सहज कळतं. कॅलिफोर्नियातही गुंजनपक्षी आहेत आणि ते त्या फुलांपाशी येतात. तरी रोपवाटिकांतून मिळणारी रोपं बहुतेक छाटकलमांचीच असतात, म्हणजे थोड्याच झाडांच्या हुबेहूब प्रती. एका घळीतून, एका खेपेला आलेल्या मूठभर बियांवर हा सगळा विस्तार उभा आहे. त्यामुळे बियांपासून वाढलेली, एकमेकांपासून वेगळी झाडं जिथे कुठे असतील, त्यांची नोंद ठेवणं आणि त्यांचं आपसात परागण घडवून नवं बी धरणं, हे काम आता तिला वाढवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला आलं आहे. सेरो मोसोतालवर कधी पुन्हा ढगातलं जंगल उभं राहिलं, तर तिथे लावायला रोपं या परक्या बागांतूनच न्यावी लागतील.