ब्रिटनचा पंतप्रधान बदलला की विश्वासमत घ्यावंच लागतं का?

"ब्रिटनमध्ये मधेच पंतप्रधान बदलला की नव्याला संसदेत विश्वासमत जिंकावंच लागतं, नाहीतर लगेच निवडणूक" असा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. आपल्याकडे राज्यपाल नव्या मुख्यमंत्र्याला बहुमत सिद्ध करायला सांगतात, ते बघून तिकडेही तसंच असेल असं वाटणं साहजिकच आहे.

पण तिकडे तसा नियमच नाही. कॉमन्समध्ये, म्हणजे तिकडच्या संसदेच्या निवडून आलेल्या खासदारांच्या सभागृहात, ज्याच्या मागे बहुमत आहे असं दिसतं त्याला राजा किंवा राणी बोलावून नेमतात, बस, मतदान वगैरे काही नाही. 1976, 1990, 2007 तिन्ही वेळा सत्ताधारी पक्षाने आतल्या आत नवा नेता निवडला आणि तोच पंतप्रधान झाला, निवडणूकही लगेच झाली नाही. आणि पक्षाचे खासदार आपल्याच नेत्यावर अविश्वासाचं जे मतदान घेतात ते पक्षाचं अंतर्गत प्रकरण, त्याने सरकार पडत नाही. यातच जास्त घोळ होतो.

आता अविश्वास ठराव विरोधक कधीही आणू शकतात, ते खरंच. 1976 मध्ये असाच संसदेत मतदान न होता आलेला पंतप्रधान 28 मार्च 1979 ला 311 विरुद्ध 310 असा एका मताने हरला आणि मग निवडणूक लागली. म्हणजे बहुमत लागतंच, फक्त ते आधी मोजून दाखवावं लागत नाही.

तपासायचं असेल तर कॉमन्सच्या कामकाजाची नोंद, हॅन्सार्ड, ऑनलाइन फुकट आहे. 27 जून 2007 ला पंतप्रधान बदलला, त्या आठवड्यातली मतदानं काढून बघा.